‘चाइव्ज’ म्हणजे कांद्याची पात नव्हे! नाव कुठून आलं, खातात कसं आणि लावण्याआधी काय बघायचं?

“काका, आपल्याकडे कांदा आहे ना? मग चाइव्ज असतीलच की! आमचा शेफ रोज मागतोय.”

पुण्यात हॉटेलच्या किचनमध्ये कामाला असलेल्या पुतण्याचा असा फोन आला. तालुक्यातल्या त्याच्या काकांनी पहाटे उठून कोवळी पात उपटली, धुतली, जुड्या बांधल्या आणि एसटीच्या पार्सलने पाठवून दिली. दुपारी परत फोन. “काका, हे ते नव्हे हो.” पात किचनच्या पोरांच्या जेवणात गेली, पैसे काही आले नाहीत. नुकसान पाच-सहाशे रुपयांचं असेल. पण काकांचा प्रश्न मात्र खरा होता. “कांद्याची पात नव्हे, लसणाची नव्हे, मग हे आहे तरी काय?”

हा प्रश्न आता बऱ्याच जणांना पडतो. बियाण्यांच्या पाकिटांवर, मोबाइलवरच्या रेसिपीत, मोठ्या शहरातल्या हॉटेलांच्या मागणीच्या यादीत हे नाव दिसतं. पाकीट घेताना किंवा ऑर्डर घेताना नेमकं काय मागितलंय हे कळलं नाही तर बी वाया, मेहनत वाया. म्हणून आज या चाइव्जची सगळी माहिती, तिच्या नावापासून.

चाइव्ज म्हणजे नेमकं काय?

चाइव्ज ही कांदा-लसणाच्याच कुळातली वनस्पती. शास्त्रीय नाव ‘अ‍ॅलियम शोनोप्रासम’. कांदा हा ‘अ‍ॅलियम सेपा’, लसूण ‘अ‍ॅलियम सटायव्हम’. म्हणजे तिघं भावकीतलेच, पण प्रत्येकाचं घर वेगळं.

कांद्यात आपण जमिनीतला गड्डा खातो, लसणात पाकळ्या. चाइव्जमध्ये खायचं ते फक्त पान. खाली गड्डा असतो, पण तो जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांब आणि करंगळीपेक्षा बारीक. तो कोणी उपटून खात नाही. पान मात्र हिरवंगार, आतून पोकळ, गोल आणि अगदी बारीक असतं. जाडी दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे साधारण उदबत्तीएवढी. उंची वीतभर ते दीड-दोन वीत. एकेकटं रोप न वाढता दाट ठोंब होतो, आपल्या गवती चहासारखा. एकदा लावलं की वरून कापत राहायचं, खालून नवं फुटत राहतं.

फुलं फिकट जांभळी. छोट्या चेंडूसारखा गुच्छ येतो, तोही खाता येतो. या फुलांवर मधमाश्या भरपूर येतात. युरोपात कितीतरी घरी हे फक्त शोभेसाठीही लावतात.

मूळ ठिकाण म्हणाल तर युरोप, आशियाचा थंड भाग आणि उत्तर अमेरिका. कांद्याच्या कुळात शेकडो जाती आहेत. त्यातली जुन्या जगात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे आपसूक रानात उगवणारी म्हणून चाइव्जचंच नाव घेतात. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडला की वरचं पान मरून जातं, जमिनीतला जीव टिकून राहतो आणि वसंतात परत कोंब येतो. थंडीची सवय असलेलं हे पीक आहे, हे लक्षात ठेवा. पुढे लागवडीच्या वेळी त्याचं काम पडणार आहे.

नावाची गोष्ट: खातात पान, नाव मात्र कांद्याचं

कांद्याला लॅटिन भाषेत ‘सेपा’ म्हणत. रोमन लोकांची ही भाषा पुढे फ्रान्समध्ये बदलत गेली आणि ‘सेपा’चं झालं ‘सीव’. उत्तर फ्रान्सच्या बोलीत तेच ‘चीव’ असं म्हटलं जायचं. नॉर्मन लोक अकराव्या शतकात इंग्लंडमध्ये गेले, राज्य केलं, आणि त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरातले शब्दही गेले. त्या ‘चीव’चं इंग्रजीत ‘चाइव्ह’ झालं. एक पान क्वचितच कोणी घेतं, मूठभरच कापतात, म्हणून बोलताना नेहमी अनेकवचन, ‘चाइव्ज’.

म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ साधा ‘कांदा’ असाच. आणि गंमत बघा, इंग्रजीत कांद्याला जो शब्द आहे तो या ‘सेपा’पासून आलेला नाही. ‘अनियन’ हा लॅटिनच्या ‘युनिओ’ या वेगळ्या शब्दापासून आला. कांद्याने आपलं जुनं नाव सोडलं आणि ते या बारीक पातीकडे राहिलं.

‘सेपा’चं लाडकं रूप ‘सेपुला’, म्हणजे छोटा कांदा. त्यावरून स्पेनमध्ये कांद्याला ‘सेबोया’ आणि इटलीत ‘चिपोला’ म्हणतात. आजच्या फ्रेंचमध्ये चाइव्जला ‘सिबुलेट’ म्हणतात, तेही याच घरातलं. फ्रान्समध्ये सशाच्या मटणाचा एक जुना रस्सा आहे, ‘सिवे’. त्यात ‘सीव’ घालत म्हणून त्याचं नाव सिवे.

आता शास्त्रीय नाव. ‘शोनोप्रासम’ हा ग्रीक भाषेतला जोडशब्द. ‘स्खोइनोस’ म्हणजे पाणथळ जागी उगवणारं लव्हाळ्यासारखं गवत आणि ‘प्रासोन’ म्हणजे लीक, ही कांद्याच्याच कुळातली एक जाड पातीची भाजी. दोन्ही मिळून ‘लव्हाळ्यासारखी लीक’. स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी १७५३ साली वनस्पतींची जी मोठी यादी छापली, तिच्यात हे नाव आहे.

इतर देशांत लोकांनी काय नावं ठेवली बघा. डच लोक ‘बीसलोक’ म्हणतात, म्हणजे पुन्हा लव्हाळ्याचीच पात. स्वीडिश लोक ‘ग्रेसलोक’ म्हणतात, म्हणजे गवती कांदा. जर्मन भाषेत ‘श्निटलाउख’, म्हणजे कापून घ्यायची पात. कोणी दिसण्यावरून नाव ठेवलं, कोणी वापरावरून.

आपणही तेच करतो. ‘कांदा’ हा शब्द संस्कृत ‘कंद’वरून आला, कारण आपल्याला जमिनीतला कंद महत्त्वाचा. ‘पात’ आली ‘पत्र’वरून, म्हणजे पान. वास चहाला चालतो आणि दिसतं गवतासारखं, म्हणून ‘गवती चहा’. त्याच हिशोबाने चाइव्जला मराठीत ‘गवती कांदा’ म्हटलं तर कोणाला समजावून सांगायला लागणार नाही. पण बाजारात अजून हे नाव रुळलेलं नाही, म्हणून व्यवहारात ‘चाइव्ज’च म्हणावं लागतं.

एक नाव, दोन वस्तू: इथेच फसगत होते

बाजारात ‘गार्लिक चाइव्ज’ नावाचीही वस्तू आहे. ती वेगळी वनस्पती, शास्त्रीय नाव ‘अ‍ॅलियम ट्यूबरोसम’. चीनमध्ये तिला ‘जिउत्साय’ म्हणतात आणि मोमोसारख्या उकडीच्या पदार्थात सारण म्हणून भरपूर वापरतात. जपानमध्ये तीच ‘निरा’. आपल्या देशात मणिपूरमध्ये तिला ‘मरोई नाकुप्पी’ म्हणतात, तिथे ती परसबागेतली रोजची वस्तू आहे.

चौघांमधला फरक असा ओळखा:

चाइव्ज: पान गोल, पोकळ, उदबत्तीएवढं बारीक. फूल जांभळं. चव सौम्य कांद्याची.

गार्लिक चाइव्ज: पान चपटं, पोकळ नाही, गवताच्या पात्यासारखं. फूल पांढरं. चव लसणाची.

कांद्याची पात: पान गोल, पोकळ, पण कितीतरी जाड. खाली पांढरा दांडा किंवा छोटा कांदा. चव तिखट.

लसणाची पात: पान चपटं, रुंद, मधून घडी पडल्यासारखं. वास उग्र.

साधी खूण म्हणजे पान मधोमध कापून बघायचं. आत भोक दिसलं तर चाइव्ज किंवा कांदा, भोक नसलं तर गार्लिक चाइव्ज किंवा लसूण. मग जाडी बघा.

ऑर्डर देणाऱ्याने नुसतं ‘चाइव्ज’ म्हटलं तर विचारून घ्या, “साहेब, गोल पानाचे की चपट्या?” चायनीज पदार्थ करणाऱ्याला बहुतेक वेळा चपट्या पानाचे हवे असतात, तर युरोपियन पदार्थ करणाऱ्याला गोल. फोटो मागवून घेतलेला सगळ्यात बरा. काकांनी तेवढा एक फोटो मागवला असता तर पहाटेची मेहनत वाचली असती.

आणखी एक सावधगिरी. आपल्याकडे बागेत पावसाळ्यात गुलाबी-पांढरी फुलं येणारी लिली असते, तिला रेन लिली म्हणतात. तिची पानंही बारीक, गवतासारखी असतात आणि गड्डाही कांद्यासारखा दिसतो. पण ती विषारी आहे. पान चुरगाळून वास घ्या. कांदा-लसणाचा वास आला नाही तर तोंडात घालू नका. हाताला आधीच कांद्याचा वास असेल तर हात धुऊन मग तपासा.

स्वयंपाकात: शेवटी घालायची वस्तू

चाइव्जचा पहिला नियम म्हणजे फोडणीत घालायचे नाहीत. कांदा-लसूण चिरल्यावर जो वास येतो तो आधीपासून तयार नसतो. चिरताना आतल्या पेशी फुटतात, त्यातलं एक विकर गंधकाच्या घटकांना भिडतं आणि तेव्हा वास तयार होतो. चाइव्जमध्येही हेच होतं, पण वास हलका असतो आणि आचेवर लगेच उडून जातो. म्हणून पदार्थ खाली उतरवल्यावर, वाढायच्या वेळी वरून पेरतात. आपण कोथिंबीर पेरतो तसं.

दुसरा नियम धारेचा. बोथट सुरीने चेचले की पाणी सुटतं आणि वास उग्र होतो. धारदार सुरी घ्या, नाहीतर सरळ स्वच्छ कात्रीने कापा.

फ्रान्समध्ये चार हिरव्या पानांचं एक ठरलेलं मिश्रण आहे: पार्स्ली, टॅरॅगॉन, चर्विल आणि चाइव्ज. ते आमलेटात आणि माशावर घालतात. जर्मनीत फ्रँकफर्टची हिरवी चटणी प्रसिद्ध आहे, तिच्यात सात पाले लागतात आणि चाइव्ज त्यातला एक. स्वीडनमध्ये जूनमधल्या मोठ्या सणाला मुरवलेला हेरिंग मासा, उकडलेले नवे बटाटे, आंबट साय आणि वरून चाइव्ज असं ताट असतं. पोलंडमध्ये घरच्या पनीरमध्ये कालवून पावाबरोबर खातात. अमेरिकेत भाजलेला बटाटा फोडून त्यावर साय आणि चाइव्ज. या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे: बटाटा, अंडं, मासा, दूधदुभतं. चवीला सौम्य आणि थोडं स्निग्ध असलं की त्यावर चाइव्ज उठून दिसतात.

आपल्या घरात कुठे चालतील? आमलेटवर, उकडलेल्या बटाट्यावर, ताज्या लोण्यात कालवून भाकरीवर, दह्यातल्या कोशिंबिरीत, वाढलेल्या पिठल्यावर. झणझणीत रश्शात घालून काही उपयोग नाही, तिथे त्यांचा आवाज ऐकूच येणार नाही. आणि चाइव्ज नसतील तर कोवळ्या कांद्याच्या पातीचं हिरवं टोक अगदी बारीक चिरून वापरा. घरात चालून जातं, हॉटेलच्या ऑर्डरला मात्र चालत नाही.

उत्तराखंड आणि नेपाळच्या डोंगरात याच कुळातली एक रानटी पात वाळवून ठेवतात. तिला ‘जंबू’ किंवा ‘जिंबू’ म्हणतात आणि ती तुपात परतून डाळीला फोडणी देतात. तिथे वाळवलेलीच वस्तू लागते. चाइव्जचं उलटं आहे. उन्हात वाळवले तर गवत होतं, चव जाते. टिकवायचे तर चिरून डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवतात.

पौष्टिक आहेत का? आहेत. १०० ग्रॅममध्ये सुमारे ५८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, के जीवनसत्त्वही भरपूर. पण एका वेळी आपण खाणार चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम. त्यामुळे ‘चाइव्ज खा आणि अमुक आजार पळवा’ असा संदेश मोबाइलवर आला तर पुढे पाठवायच्या आधी हा हिशोब करा.

मग लावायचे का?

आता खरा प्रश्न. पुणे-नाशिक भागात शेडनेट आणि पॉलिहाउसमध्ये ब्रोकोली, लेट्यूस, झुकिनी अशा परदेशी भाज्या घेणारे शेतकरी आहेत. त्यांचं बघून एखाद्याला वाटतं, आपण एकरभर चाइव्ज टाकू. थांबा.

पहिली गोष्ट, वजन. पान उदबत्तीएवढं. एक किलो भरायला किती पानं कापावी लागतील याचा विचार करा. ती कापायची, निवडायची, सारखी करून जुडी बांधायची. सगळी मजुरी हाताची. मेथी-कोथिंबिरीच्या गड्डीसारखा हिशोब इथे लागत नाही.

दुसरी गोष्ट, टिकाऊपणा. कापल्यावर लवकर मलूल पडतात. थंडाव्यात ठेवावे लागतात आणि लवकर पोचवावे लागतात. पन्नास किलोमीटरवर गिऱ्हाईक आणि मधे दुपारचं ऊन, तर माल पोचेपर्यंत मान टाकतो.

तिसरी गोष्ट, गिऱ्हाईक. गावच्या आठवडी बाजारात हे कोणी मागत नाही. मागणी असते ती ठराविक हॉटेलांची, तीही ग्रॅममध्ये. मार्केट यार्डात नेऊन ओतता येईल असा हा माल नाही. घेणारं हॉटेल बंद पडलं किंवा शेफ बदलला तर दुसरा घेणारा शोधावा लागतो.

चौथी गोष्ट, हवामान. बी उगवायला १५ ते २० अंश तापमान मानवतं, दोन-तीन आठवडे लागतात. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकलेलं चांगलं. एप्रिल-मेच्या उन्हात वाढ थांबते आणि शेंडे पिवळे पडतात, सावली द्यावीच लागते. पावसाळ्यात पाणी साचलं तर ठोंब कुजतो.

बाकी पीक अवघड नाही. कांद्याच्या बियासारखंच याचं बीही लवकर जुनं होतं, म्हणून पाकिटावरची तारीख बघा. बियापासून पहिली कापणी साधारण अडीच-तीन महिन्यांनी. जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापायचं, मुळासकट ओढायचं नाही. फुलाचा दांडा कडक होतो, पानासाठी पीक असेल तर तो आधीच खुडायचा. दोन-तीन वर्षांनी ठोंब फोडून नवे लावायचे.

रोग-किडी कांद्याच्याच, म्हणजे फुलकिडे आणि करपा. पण कांद्यावरचं औषध डोळे झाकून इथे मारू नका. कांद्यात आपण पात सुकल्यावर जमिनीतला गड्डा खातो. इथे ज्या पानावर फवारलं तेच पान दोन दिवसांनी कोणाच्या तरी ताटात कच्चं जाणार आहे. सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय काही मारू नये.

म्हणून रस्ता साधा आहे. आधी दोन कुंड्या लावा. जमतंय असं दिसलं तर दोन वाफे. मग नमुना घेऊन हॉटेलवाल्याकडे जा आणि चार गोष्टी विचारा: गोल पान हवं की चपटं, आठवड्याला किती ग्रॅम, जुडी किती लांबीची, पैसे किती दिवसांनी. उत्तर मिळाल्यावरच वाफे वाढवा. आधी माल, मग गिऱ्हाईक, असं केलं तर काकांसारखं होतं.

गुरांच्या बाबतीत एक इशारा

चाइव्जच्या निमित्ताने हे सांगणं गरजेचं आहे, कारण कांद्याच्या सगळ्या कुळाला ते लागू पडतं. भाव पडला की कांदा गुरांपुढे टाकला जातो. निवडलेली पात, चाइव्जचा कचराही गोठ्यातच जातो. पण या कुळातल्या गंधकाच्या घटकांनी जनावराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गाईला याचा त्रास जास्त होतो, शेळ्या-मेंढ्या तुलनेने जास्त सोसतात. कुत्र्या-मांजरांना तर थोडंही बाधू शकतं, शिजवलेलंही.

लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी दिसतात. जनावर खाणं सोडतं, सुस्त होतं, पापणीच्या आतला भाग फिका पडतो, लघवी लालसर किंवा काळपट होते. असं दिसलं तर कांदा-पात ताबडतोब बंद करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. काय आणि किती खाल्लं तेही सांगा, उपचाराला त्याची मदत होते. दोन-चार पात्यांनी गाय दगावत नाही, पण टोपलीच्या टोपली रोज घालणं धोक्याचं आहे.

शेवटी काय?

काकांनी नंतर पुतण्याकडून खऱ्या चाइव्जची एक कुंडी मागवून घेतली. ती सध्या पडवीत, तुळशीच्या शेजारी आहे. रोज सकाळी काकू कात्रीने चार पाती कापतात आणि आमलेटवर घालतात. विकायचा विचार अजून नाही. “आधी ओळख तर होऊ दे,” काका म्हणतात, “सोयरीक नंतर बघू.”